फॉग लॅम्पमध्ये एलईडी टाकू का? वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

मार्गशीर्ष सरत आला की ग्वाल्हेरातले आपले लोक एकच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारतात: फॉग लॅम्पमधला हॅलोजन काढून एलईडी बल्ब टाकू का? दुकानदार एक सांगतो, शेजारी दुसरं आणि मोबाइलवरचा व्हिडिओ तिसरंच. म्हणून यंदा आलेल्या प्रश्नांपैकी काही एकत्र घेतले आहेत. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. पण गाडी न बघता दिलेलं उत्तर अर्धंच असतं, एवढं धरून वाचा.

प्रश्न : माझ्या गाडीला कंपनीचेच फॉग लॅम्प आहेत, आत एच११ जातीचे हॅलोजन बल्ब. एलईडी टाकले तर मुरैना-धौलपूरच्या कोहऱ्यात, म्हणजे धुक्यात, लांबचं दिसेल का? (दाल बाजार, लष्कर)

लांबचं दिसणार नाही, कारण फॉग लॅम्प त्यासाठी बनवलेलाच नसतो. तो बंपरमध्ये खाली बसवतात, उजेड आडवा आणि रुंद टाकतात आणि वरची कड मुद्दाम कापलेली ठेवतात. पुढ्यातला रस्ता, पांढरी पट्टी आणि डांबराची कड दिसावी, पण उजेड डोळ्यांसमोरच्या धुक्यावर आपटून परत येऊ नये, एवढंच त्याचं काम. दिसण्याचं अंतर ५० मीटरच्या खाली गेलं की हवामान खातं त्याला अति दाट धुकं म्हणतं. चंबळच्या पुलाजवळ अशी पहाट गाठली तर कुठल्याही कंपनीचा कुठलाही बल्ब शंभर मीटरवरचा ट्रक दाखवणार नाही. चांगला एलईडी त्याला मानवणाऱ्या लॅम्पमध्ये नीट बसला, तर जवळची कड जास्त स्वच्छ दिसते आणि वीज कमी लागते. यापलीकडे कुणी काही कबूल करत असेल तर तो माल खपवतोय.

प्रश्न : एच८, एच११ आणि एच१६ एकच ना? दुकानदार म्हणतो, सगळं बसतं. (कंपू)

बूड जवळपास सारखं, वॅट वेगळे: ३५, ५५ आणि १९. जुना बल्ब काढून त्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि बुडाचे कान घासून दुसरा बसवू देऊ नका.

प्रश्न : पिवळा घ्यावा की पांढरा? पिवळा उजेड धुकं चिरतो असं वडील सांगायचे. (जिवाजीगंज)

वडिलांच्या पिढीत सगळेच असं सांगायचे. फ्रान्समध्ये तर १९३६ पासून १९९३ पर्यंत हेडलाइटही पिवळेच लागत. पण 'चिरतो' हे खरं नाही. आकाश निळं दिसतं ते हवेच्या रेणूंमुळे. तिथे निळा प्रकाश जास्त विखुरतो. धुक्याचा थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी पट मोठा असतो, त्याच्यापुढे पिवळा आणि निळा जवळपास सारखेच विखुरतात. फरक पडतो तो आपल्या डोळ्यांना. निळसर पांढरा उजेड परत आला की जास्त टोचतो, पिवळा कमी. त्यामुळे ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळा घेतलात तर माझी हरकत नाही. ६००० आणि त्यावरचा निळसर मात्र कोहऱ्यासाठी घेऊ नका, तो फक्त लग्नाच्या वरातीत शोभतो.

प्रश्न : ऑनलाइन एक जोडी दिसली. ३०० वॅट, ४०,००० लुमेन, शिवाय भाव बेताचा. घेऊ का? (पडाव)

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. अशीच एक जोडी एका गिऱ्हाइकाने पुड्यासकट आणली होती. बॅटरीला जोडून मीटर लावला. साडेतेरा व्होल्टवर एक बल्ब १.६ अँपिअर ओढत होता. गुणाकार तुम्हीच करा, बावीस वॅटही भरत नाहीत. पुडा खरं बोलत असता तर ३०० वॅटच्या जोडीने २२ अँपिअर ओढले असते, आणि बहुतेक गाड्यांत फॉग लॅम्पचा फ्यूज १० ते २० अँपिअरचा असतो. म्हणजे फ्यूज उडत नाही, हाच पुडा खोटा असल्याचा पुरावा. लुमेनचंही, म्हणजे उजेडाच्या मापाचंही, तेच. ५५ वॅटचा अस्सल एच११ हॅलोजन साधारण १३५० लुमेन देतो. त्याच्या जवळजवळ पंधरापट उजेड अंगठ्याएवढ्या एकेका बल्बमधून निघाला असता तर बंपर वितळला असता. पुड्यावरचे वॅट वाचू नका. किती अँपिअर ओढतो ते विचारा आणि मीटर लावून बघायला सांगा. दुकानदार टाळाटाळ करू लागला की उठा.

प्रश्न : नवा एलईडी एका बाजूला पेटतो, दुसऱ्या बाजूला नाही. बल्ब खराब निघाला का? (मुरार)

बहुधा प्लस-मायनस उलटे झालेत. कपलर (वायरचा जोड) फिरवून बसतो का बघा, नाही पेटला तर बदलून घ्या.

प्रश्न : गेल्या आठवड्यात एलईडी बसवले. उजेड दणदणीत आहे, मी खूश आहे. पण समोरून येणारे सारखे डिपर मारतात. लोक जळतात की काय? (थाटीपूर)

जळत नाहीत हो, त्यांना दिसेनासं होतं. आणि तुम्हालाही कमीच दिसतंय, फक्त ते तुमच्या लक्षात आलेलं नाही.

जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. हॅलोजनमध्ये उजेड देणारी तार अर्ध्या तांदळाएवढी असते. रिफ्लेक्टरचा, म्हणजे लॅम्पमधल्या आरशाचा, प्रत्येक फुगवटा त्या तारेची नेमकी जागा धरून आखलेला असतो. एलईडी बल्बमध्ये तारेच्या जागी एक पट्टी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना चिप्स. पट्टी जाड असली किंवा चिप्स मिलिमीटरभर पुढेमागे असल्या, की रिफ्लेक्टरचा हिशोब बिघडतो. जो उजेड रस्त्यावर आडवा पडायचा, त्यातला काही वर जातो. कोहऱ्यात वर गेलेला उजेडच पांढरा पडदा होऊन तुमच्या तोंडावर परत येतो. कोरड्या रात्री तोच समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ट्रकवाला उंच बसतो, त्याचं एक वेळ निभतं. भिंडच्या रस्त्यावर दुधाचे कॅन लावून मोटारसायकलवर येणारा माणूस बरोबर त्या उजेडात सापडतो. दोन सेकंद त्याला रस्त्याची कड दिसत नाही, आणि तिथे कडेला खड्डाच असतो.

'दणदणीत' वाटण्याचं कारणही ऐका. बंपरपुढचा दहा फूट रस्ता लख्ख उजळला की डोळ्याची बाहुली आकसते, आणि त्यापुढचा अंधार आणखी काळा होतो. मनाला वाटतं, वा, काय उजेड आहे! प्रत्यक्षात पुढचं कमी दिसतं.

आणि ही फक्त माझी कुरकुर नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की पुढचा दिवा खाली झुकलेला हवा. आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला तो दिपवता कामा नये.

आता काय करायचं? हवा नीट भरलेली गाडी संध्याकाळी सपाट जागी भिंतीपुढे उभी करा, दिव्यापासून भिंत २५ फुटांवर. लॅम्पचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर टेप चिकटवा. एका दिव्यासमोर पुठ्ठा धरा, दुसरा बघा. उजेडाची वरची कड टेपच्या साधारण चार इंच खाली, आडवी आणि स्वच्छ हवी. जुने हॅलोजन घालून आधी एक फोटो काढा, मग एलईडी घालून दुसरा. एलईडीच्या चिप्स डाव्या-उजव्या अंगाला आल्या पाहिजेत, वर-खाली नव्हे; बऱ्याच बल्बांची कॉलर त्यासाठीच फिरते. कड स्वच्छ आहे पण वर आहे, तर बंपरखालून स्क्रूने खाली घेता येते. पण कडच फाटली असेल, दोन-दोन रेघा दिसत असतील किंवा वर धूसर पंखा पसरला असेल, तर स्क्रू पिळून उपयोग नाही. तो बल्ब तुमच्या लॅम्पला मानवत नाही, काढा. उलट दिवा जमिनीकडे वाकवून 'आता कुणी डिपर मारत नाही' म्हणणारे मिस्त्री मी पाहिलेत. मग तो फॉग लॅम्प कशासाठी?

एलईडी हवेच असतील तर मुळात एलईडीसाठी आखलेला, मान्यतेचा शिक्का असलेला पूर्ण लॅम्प बदलणं हा सरळ मार्ग. तो तुमच्या गाडीला बसतो की नाही, ते गाडी बघूनच ठरतं. भिंतीवर बीम दाखवणाऱ्याकडेच जा. 'अंदाजाने करून देतो' म्हणाला तर किल्ली परत घ्या.

प्रश्न : एलईडी लावल्यापासून डॅशबोर्डवर बल्बची खूण येते आणि दिवे लुकलुकतात. मेकॅनिक रेझिस्टर लावू म्हणतो. (शिंदे की छावणी)

गाडीचा कॉम्प्युटर ओढलेला करंट मोजतो. एलईडी कमी ओढतो, म्हणून त्याला वाटतं बल्ब गेला. रेझिस्टर उरलेली वीज जाळून त्याची समजूत घालतो. 'जाळून' हा शब्द शब्दशः घ्या. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत तो वायरच्याच जुडग्याला टायने बांधला होता. आजूबाजूचं इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालेलं, बोट लावलं की तुकडे पडत होते. लावायचाच तर पत्र्यावर, प्लास्टिक आणि वायरपासून लांब. त्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा, तुमच्या मॉडेलला वायर न कापता बसणारा डिकोडर (कॉम्प्युटरची समजूत घालणारी डबी) चालतो का. वॉरंटी असेल तर पक्कड लागण्याआधी विचारा, नंतर नाही.

प्रश्न : एलईडीनंतर काचेच्या आत वाफ धरते. पूर्वी असं नव्हतं. (नया बाजार)

पूर्वीही ओल येत असेल, हॅलोजनच्या उष्णतेने ती सुकायची. एलईडी गरम होतो तो मागून, पुढची काच थंडच राहते. बल्बमागची रबरी रिंग नीट बसली आहे का बघा, आणि लॅम्पचं हवेचं छिद्र सिलिकॉन लावून बुजवू नका. पाणी साचत असेल तर लॅम्प फुटलाय, दाखवून घ्या.

प्रश्न : हे सगळं कायद्यात बसतं का? विमा अडकेल का? (लष्कर)

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं. शिवाय बल्बनाही मानकं आहेत आणि बाजारातली कितीतरी किट त्यांत बसत नाहीत. पुड्याच्या मागे बारीक अक्षरांत 'सार्वजनिक रस्त्यासाठी नाही' असं छापलंय का, ते भिंग घेऊन वाचा. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली, तीही ठरावीक गाड्यांच्या यादीपुरती. ती दाखवून इथे कुणी 'मंजूर माल' म्हणून विकत असेल तर फसू नका. तुमच्या गाडीचं काय, ते आरटीओत विचारा. विम्याचं एजंटला तोंडी विचारू नका, कंपनीकडून लेखी घ्या.

प्रश्न : फक्त फॉग लॅम्प लावून चालवलं तर चालेल? (गोला का मंदिर)

नाही. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, हेडलाइट हवाच, फॉग त्याच्या जोडीला.

प्रश्न : परवा पहाटे चारला मुलीला दिल्लीच्या विमानतळावर सोडायला निघायचंय. उद्या एलईडी बसवून मिळतील का? (मुरार)

ताई, तहान लागल्यावर विहीर खणायला घेतलीत. भिंतीवर न तपासलेले नवे बल्ब घेऊन पौषातल्या पहाटे आग्र्याच्या रस्त्याला लागू नका. आहेत ते हॅलोजनच राहू द्या. फॉग लॅम्पच्या काचेवरचा चिखल धुवा, पुढची काच आतून पुसा, ब्रेक लाइट पेटतात का कुणाला तरी मागे उभं करून बघा. वाटेत अप्पर लावू नका. चालत्या गाडीत चारी इंडिकेटरही नकोत, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय तेच कळत नाही. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. वीस मीटर दिसत असेल तर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच ते संपतात. कोहऱ्यात रेल्वेही उशिरा धावते, तेव्हा ऐन वेळच्या गाडीवर विसंबू नका. उद्या दुपारी उन्हातच निघा आणि रात्री दिल्लीत मुक्काम करा. परत आलात की गाडी घेऊन या, संध्याकाळी, भिंत दिसेल अशा वेळी.