रात्रभर डिलीट लावलं, सकाळी बघतो तर 3 टक्के

प्रश्न: जुन्या कॉम्प्युटरचा बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर पडून होता, आत 4 लाखांच्या वर फाईली. रात्री फोल्डर सिलेक्ट करून डिलीट दाबलं आणि झोपलो. सकाळी बघतो तर 3 टक्क्यांवर एक डबा उघडा, फाईल वापरात आहे, ट्राय अगेन की स्किप? म्हणजे एका फाईलपायी बाकी सगळ्या रात्रभर ताटकळल्या. दुसऱ्या रात्री सगळ्यांना लागू करा वर टिक मारून स्किप दिलं तर पहाटे भलत्याच कारणावरून परत थांबलेलं. काही न विचारता सगळं उडवून टाकायची सोय आहे का?

उत्तर: आहे, पण "काही न विचारता" यात दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि लोक त्या एकत्र करतात. एक म्हणजे तुमचा होकार (ही फाईल रीसायकल बिनमध्ये मावत नाही, कायमची काढू का? ही रीड-ओन्ली आहे, तरी काढू का?) आणि दुसरी म्हणजे अडचण, की फाईल काढताच आली नाही. होकाराचा निकाल झोपायच्या आधी जागेपणी लावून टाकायचा. अडचण आली तर मात्र त्या फाईलला हात न लावता पुढे जायचं आणि नाव लिहून ठेवायचं, बस. जबरदस्तीने काढ असं मशीनला रात्री एकट्याने सांगायचं नाही, निदान मी तरी सांगत नाही.

तुमची टिक फुकट गेली कारण ती त्याच प्रकारच्या अडचणीला लागू होते. "वापरात आहे" ला स्किप दिलं म्हणून "परवानगी नाही" किंवा "नाव फार लांब आहे" ला आपोआप स्किप मिळत नाही, नवीन प्रकार आला की विंडोज एक्सप्लोरर परत विचारणार. आणि जुन्या बॅकअपमध्ये हे तिन्ही प्रकार हमखास सापडतात. विंडोजमध्ये पाथची (म्हणजे ड्राइव्हपासून फाईलपर्यंतच्या पूर्ण पत्त्याची) जुनी मर्यादा 260 अक्षरांची, बॅकअपमध्ये बॅकअप ठेवत गेलं की ती कधी ओलांडली जाते कळतही नाही.

म्हणून एवढ्या फाईलींसाठी एक्सप्लोरर नकोच. विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाची कमांड आहे, नाव कॉपीचं असलं तरी सफाईला झकास, लांब पाथलाही अडत नाही. एक रिकामा फोल्डर बनवायचा आणि रोबोकॉपीला सांगायचं की या रिकाम्यासारखाच तो भरलेला कर, म्हणजे भरलेल्यातलं सगळं जातं. आधी रिकाम्याचा पाथ, मग भरलेल्याचा, मग स्लॅश एमआयआर, स्लॅश आर कोलन 0, स्लॅश डब्ल्यू कोलन 0, आणि स्लॅश लॉग कोलन पुढे लॉग फाईलचं, म्हणजे काय झालं त्याच्या नोंदीच्या फाईलचं, नाव (टाईप अर्थातच कमांड प्रॉम्प्टमध्ये आणि इंग्रजीत करायचं, आणि लॉग त्या दोन फोल्डरांच्या बाहेर ठेवायचा).

यातला आर आणि डब्ल्यू विसरलात तर तुमची तीच रात्र परत येईल, फक्त डबा न दिसता. आर म्हणजे किती वेळा परत प्रयत्न करायचा आणि डब्ल्यू म्हणजे मधे किती सेकंद थांबायचं, आणि न सांगितल्यास हे आकडे 10 लाख वेळा आणि 30 सेकंद असे आहेत! हिशोब करा, एका अडलेल्या फाईलपाशी जवळपास 347 दिवस. हे कुणी आणि का ठरवलं असेल देव जाणे.

यात रीसायकल बिन मधे येत नाही, गेलं ते गेलंच. म्हणून पहिल्यांदा त्याच ओळीत शेवटी स्लॅश एल जोडून चालवा, तेव्हा लॉगमध्ये फक्त काय काय काढणार याची यादी येते, काढत काहीच नाही. दुसऱ्या नंबरचा पाथ चुकून भलताच पडला असेल तर तो इथेच दिसेल, मी एकदा दिला होता म्हणून सांगतोय. पॉवर सेटिंगमध्ये स्लीपही बंद करा, नाहीतर मशीनच झोपून जाईल.

सकाळी लॉगमध्ये एरर शब्द शोधा. एरर 32 म्हणजे कुठला तरी प्रोग्राम फाईल धरून बसलाय. कोण ते रिसोर्स मॉनिटरमध्ये सीपीयू टॅबवर असोसिएटेड हँडल्सच्या सर्चमध्ये फाईलचं नाव टाकलं की दिसतं, कंटाळा असेल तर रीस्टार्ट मारून तीच कमांड परत चालवा, बहुतेक वेळा जाते. एरर 5 म्हणजे परवानगी नाही, तुमच्या केसमध्ये फाईली जुन्या कॉम्प्युटरवरच्या अकाउंटच्या मालकीच्या असतील, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड मधून मालक बदलायचा. एरर 145, म्हणजे फोल्डर रिकामा नाही, दिसला तर त्याच्यामागे लागू नका, आतली अडलेली फाईल गेली की तोही जाईल.

प्रश्न: लिनक्सवर मोठी लॉग फाईल डिलीट केली, एकही एरर नाही, पण जागा काही मोकळी झाली नाही. असं का?

उत्तर: तुमच्याकडे उलटी गंमत आहे. लिनक्स उघडी फाईलही मुकाट्याने काढू देतं, म्हणजे फोल्डरमधलं नाव जातं, पण जो प्रोग्राम ती धरून बसलाय तो सोडत नाही तोवर डिस्कवरची जागा अडलेलीच. एलएसओएफ कमांडला प्लस एल 1 (एल कॅपिटल) जोडून चालवा, नाव गेलेल्या पण अजून उघड्या फाईली आणि त्या धरणारा प्रोग्राम दोन्ही दिसतील. तो रीस्टार्ट केला की जागा सुटते.