सोसायटीच्या तपासणीत गीझर-एसी प्लगवर ठेवावेत की थेट जोडून घ्यावेत?

तुम्ही विचारलंय की परळच्या तुमच्या सोसायटीत घरोघरची विजेची उपकरणं तपासायची आहेत. वायरमन म्हणतो, गीझरचे प्लग काढून थेट जोडणी करून टाकू. आणि एका व्हिडिओत प्लगमधला फ्यूज ३ अँपिअरचा की १३चा ते बघताना दाखवलंय, तर आपण काय बघायचं?

व्हिडिओचं आधी. तो ब्रिटनचा असणार. तिकडे घरभर ३२ अँपिअरची रिंग, म्हणजे सगळ्या सॉकेटना जोडत बोर्डावर परत येणारी एकच वायर, फिरवलेली असते, म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटात वेगळा फ्यूज लागतो. भिंतीत पक्क्या बसवलेल्या वस्तूला फ्यूजवाली जोडपेटी असते. आपल्या ६ आणि १६ अँपिअरच्या प्लगमध्ये फ्यूज नसतोच. आपलं संरक्षण बोर्डावरच्या एमसीबीत (जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा स्विच), जुन्या चाळीत चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये. त्यामुळे तुम्ही बघायचं ते एवढं, की या सॉकेटमागे किती अँपिअरचा एमसीबी आहे आणि वायर त्याला पुरेशी जाड आहे का.

मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, पाण्याचा फिल्टर हे प्लगवरच राहू द्या. प्लग उपसला की वस्तू पूर्ण सुटी होते आणि तपासायला पिना हातात येतात. फेज-न्यूट्रल एकत्र जोडून अर्थच्या पिनेशी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन किती चांगलं आहे ते मोजणारं यंत्र, लावायचा. १ मेगाओहमच्या खाली आलं तर वस्तू बाजूला. अर्थच्या पिनेपासून धातूच्या अंगापर्यंत सलग जोड आहे का, हे त्याच्याही आधी.

गीझर आणि एसी मात्र मी थेट जोडणीवर घेतो, पण स्वतःचा एमसीबी आणि उपकरणाजवळ डीपी (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच असेल तरच. डीपीचा आग्रह का, ते सांगतो. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि तो पुरवठ्याच्या टोकाला अर्थला बांधलेला असतो. अशा वेळी मेगर लावला की काटा शून्यावर, आणि धडधाकट गीझर बाद! हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लोकांनी नवे गीझर आणले. डीपीने दोन्ही तारा तुटतात, मग आकडा खरा येतो. उन्हाळाभर बंद असलेल्या गीझरचा आकडा पावसाळ्यात कमी आला तरी लगेच फेकू नका. एलिमेंटमधली, म्हणजे तापणाऱ्या कांडीतली, इन्सुलेशनची पूड दमट होते. अर्थिंग ठीक असेल तर टाकी भरून, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) अर्धा तास तापवा आणि परत मोजा.

आता प्लग जळण्याबद्दल, कारण तुमच्या वायरमनच्या म्हणण्याचं मूळ तिथेच आहे असं मला वाटतं. गिरगावात एका घरात गीझर लावला की कुजक्या मासळीसारखा वास यायचा. मी प्लग उघडला. फेजच्या पिनेचा स्क्रू अर्धा फेरा सैल, वायरच्या निम्म्याच तारा त्याखाली, बाकीच्या बाहेर काळ्या पडलेल्या. पीन तपकिरी, भोवतीचं प्लास्टिक फुगलेलं. ३ किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर ओढतो, १६च्या प्लगला ते झेपतं. सैल जोडाला झेपत नाही. त्यात आपली खारी हवा पितळ खाते. आधीच्या माणसाने स्क्रू न बघता सॉकेट दोनदा बदललं होतं.

म्हणून प्लग कापून वायर त्याच सॉकेटच्या मागे पिळून टेप गुंडाळणार असतील, तर ठाम नाही म्हणा. सैल जोड तसाच राहतो, फक्त प्लेटमागे लपतो, आणि तिथे तो कुणाला दिसत नाही. थेट जोडणी म्हणजे डीपीच्या टर्मिनलवर नीट कसलेली वायर, आणि दर तपासणीत प्लेट उघडून तो स्क्रू पुन्हा कसणं. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच, मेन बंद करून.

तपासणी सुरू व्हायच्या आधी घरोघर एक निरोप द्या: गीझर १५ मिनिटं चालवा, स्विच बंद करा आणि प्लगला बोट लावून बघा. कोमट असेल तर चालेल. चटका बसला किंवा वास आला तर गीझर बंदच ठेवायला सांगा, आणि ती घरं यादीत सगळ्यात वर घ्या.