सगळी सुरक्षा साधने वापरत असतानाही झाडतोडीचे काम एकट्याने करणे धोक्याचे का मानतात?

आपण लिहिले आहे की, झाडतोडीचे आणि छाटणीचे काम आपण बरीच वर्षे एकट्यानेच करत आहात, हेल्मेट, बूट, संरक्षक पँट यांपैकी काहीही टाळत नाही, मोबाइल जवळ असतो आणि आजवर काही झालेले नाही. मग केवळ सोबत कोणी नाही एवढ्यावरून हे काम धोक्याचे का ठरावे? शिवाय वादळात उन्मळून पडलेल्या झाडांचे एक काम आता आपल्यापुढे आहे. मी याच धंद्यातला आहे आणि सुरुवातीची काही वर्षे मीही एकट्यानेच काम करत असे, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देतो.

आपण एकटे आहोत म्हणून फांदी अधिक जोरात पडत नाही किंवा चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, अधिक उसळत नाही. अपघात तेच असतात. फरक पडतो तो अपघातानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत. मांडीतली मोठी धमनी कापली गेली, तर रक्तस्रावाने माणूस तीन ते पाच मिनिटांतही दगावू शकतो. फोन लगेच लागला, पलीकडच्या माणसाला जागा नीट समजली आणि रुग्णवाहिका तत्काळ निघाली, असे सगळे अनुकूल धरले तरी जंगलातल्या वाटेने ती एवढ्या वेळात पोहोचत नाही. तोवर जखमेच्या वरच्या बाजूला टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवण्याचा पट्टा, आवळणारा हात तिथेच हजर असावा लागतो. तो स्वतःचाही असू शकतो, आणि एका हाताने टूर्निकेट बांधण्याचा सराव प्रत्येकाने केलाच पाहिजे. मात्र त्यासाठी जखमी माणूस शुद्धीवर हवा, त्याचा एक तरी हात धड हवा आणि टूर्निकेट गाडीत नव्हे तर कमरेला हवे. संरक्षक पँटचेही तसेच आहे. तिच्यातले लांब धागे साखळीत गुंतून ती थांबवतात हे खरे, पण पहिल्या श्रेणीच्या पँटची चाचणी साखळीचा वेग सेकंदाला २० मीटर धरून होते आणि व्यावसायिक चेनसॉची साखळी पूर्ण वेगात त्याच्याही पुढे जाते.

माझ्या बाबतीत घडले ते अपघात म्हणण्याइतकेही मोठे नव्हते. उतारावर पाडलेल्या खोडाच्या फांद्या छाटत असताना, ज्या फांदीने ते खोड तोलून धरले होते तीच मी कापली आणि खोड अर्धा वळसा घेऊन माझ्या बुटावर आले. बुटातल्या पोलादी टोपीमुळे बोटे वाचली, पण पाऊल खोड आणि दगड यांच्यामध्ये पक्के अडकले. चेनसॉ हातातून सुटून खाली घरंगळला होता आणि त्याचे इंजिन तिथे मंद गतीवर फटफटत होते. फोन जाकिटात होता, आणि जाकीट उकडते म्हणून काढून मी दहा पावलांवरच्या फांदीला टांगले होते. कमरेच्या पट्ट्यात खोचलेल्या प्लास्टिकच्या पाचरीने टाचेखालची माती उकरत मी बाहेर पडलो, त्याला पाऊण तास लागला. दुसरा माणूस असता तर पहारीच्या एका रेट्याचे ते काम होते. त्या पाऊण तासात कोणी दुरून ऐकत असते, तर इंजिनाच्या आवाजावरून माझे काम सुरळीत चालले आहे असेच त्याला वाटले असते. आवाज थांबला असता तरी पेट्रोल भरत असेल, असे त्याने मानले असते.

झाडावर चढून करायच्या कामात तर एकट्याने जाण्याचा विचारही करू नये. फांदीचा मार बसून किंवा भोवळ येऊन माणूस हार्नेसमध्ये, म्हणजे दोराला जोडलेल्या अंगावरच्या पट्ट्यांत, निश्चल लटकत राहिला, तर पायांतले रक्त पुरेसे वर न फिरल्याने काही मिनिटांत त्याची शुद्ध हरपू शकते आणि त्यानंतर जिवावर बेतते. त्याला खाली आणायला दोर, चढण्याचे साहित्य आणि ते वापरण्याचा सराव असलेला माणूस बुंध्याशीच लागतो. ब्रिटनच्या सुरक्षा मार्गदर्शनात चढाईच्या कामासाठी किमान दोन माणसांची अट आहे ती यामुळेच. अमेरिकेच्या लाकूडतोडीच्या नियमांतही प्रत्येक कामगार दुसऱ्याच्या नजरेच्या किंवा हाकेच्या टप्प्यात असावा, असे म्हटले आहे.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. एकट्या माणसाला ‘थांब’ म्हणणारे कोणी नसते. पाडलेले झाड शेजारच्या झाडात अडकले की दोघे जण असल्यास निदान दोन शब्द बोलणे होते. एकटा माणूस दिवस मावळण्याच्या घाईत त्या झाडाखाली शिरून आधार देणारे झाडच कापायला लागतो. हे मी केलेले आहे आणि त्यातून निभावलो, याचे श्रेय माझ्या कौशल्याला देण्याची माझी तयारी नाही.

म्हणजे एकट्याने काहीच करू नये, असे नाही. झाडांची पाहणी, खुणा करणे, मोजमाप, रोपे लावणे ही कामे एकट्याने करता येतात. त्यासाठीही ठरावीक वेळी फोन करण्याची व्यवस्था हवी, आणि फोन आला नाही तर कोणी, किती वेळाने, कुठे जायचे हे आधी ठरलेले हवे. दर दोन तासांनी फोन करायचे ठरले असेल आणि फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत काही झाले, तर जवळजवळ दोन तास कोणाला पत्ताच लागणार नाही, हे लक्षात घेऊन ती मुदत ठरवावी. रेंज गाडीपाशी नव्हे, प्रत्यक्ष कामाच्या जागी तपासावी. माणूस पडल्याचे ओळखून आपोआप संदेश पाठवणारी उपकरणे मला उपयोगी वाटतात, पण ती मदत बोलावतात, रक्त थांबवत नाहीत.

सोबतीच्या माणसाबद्दलही स्पष्ट लिहितो. गाडीत बसून कानात गाणी ऐकणारा माणूस सोबती नव्हे. झाड पडत असताना त्याने झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर थांबावे, चेनसॉ बंद कसा करायचा आणि टूर्निकेट कसे बांधायचे हे त्याला यावे, आणि आपण कुठे आहोत हे त्याला फोनवर सांगता आले पाहिजे.

आता आपल्यापुढचे काम. वादळात पडलेली झाडे ही माझ्या मते या धंद्यातली सर्वांत फसवी कामे आहेत. आडव्या खोडात ताण कुठे आणि दाब कुठे आहे हे बाहेरून चटकन कळत नाही. चुकीच्या बाजूने कापल्यास खोड फाटून उसळते किंवा करवतीची पट्टी चिमटून ठेवते. बुंधा कापून वेगळा होताच मुळांचा मातीसकट उभा राहिलेला गड्डा झटक्यात मागे, आपल्या खड्ड्यात बसतो किंवा पुढे कलंडतो, आणि तो कुठे जाईल हे कापणाऱ्यापेक्षा बाजूला उभ्या असलेल्याला अधिक चांगले दिसते. या कामासाठी जाणकार सोबती आणि शक्य असल्यास गड्डा धरून ठेवायला विंच (दोर गुंडाळून ओढणारे यंत्र) ठरवा, त्यांचा खर्च दरात धरा, आणि मालक तो द्यायला तयार नसेल तर हे काम सोडून द्या.