तांबड्या भुंगेऱ्याचे कवच: एका विद्यार्थिनीस पत्र

सोलापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तांबड्या भुंगेऱ्यावरील तुझ्या संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. त्यात तू जनुकांच्या दोन याद्या केल्या आहेस, एक कवच घडवणाऱ्यांची आणि दुसरी जन्मजात प्रतिकारशक्तीची. ही विभागणी आत्ताच सोडून दे, असे मी कळकळीने सांगतो. डोपा डीकार्बोक्सिलेज या विकराचेच (एन्झाइमचेच) पाहा: कात टाकल्यानंतर नवे कवच टणक आणि गडद होण्यासाठी लागणारे डोपामिन ते तयार करते, आणि फळमाशीत जखम झाली की तिच्या कडेच्या पेशींत त्याचेच जनुक पुन्हा जागे होते. टोल हे जनुक तर आधी भ्रूणाची पाठ-पोट ठरवणारे म्हणून माहीत झाले. ते प्रौढ माशीला बुरशीपासून वाचवते, हे १९९६ मध्ये जीवशास्त्रज्ञ ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले.

आपल्या भागात उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी अळीच्या बंदोबस्तासाठी मेटारायझियम ही बुरशी वापरतात. ती बुरशी कवचातले कायटिन आणि प्रथिने विरघळवणारी विकरे सोडून थेट कवचातूनच आत शिरते. म्हणजे प्रतिकाराची पहिली लढाई कवचातच होते.

जिवाणू टोचल्यावर एखाद्या जनुकाचे काम वाढलेले दिसले, तर ते जिवाणूमुळे वाढले की सुईच्या जखमेमुळे, हे निर्जंतुक सुई टोचलेल्या गटाशिवाय कळणार नाही. मी तो गट ठेवला नव्हता, आणि माझे एक वर्षाचे काम त्यामुळे निरुपयोगी ठरले. ते दुःख अजून आहे.

पिठातला तांबडा भुंगेरा तू निवडलास, हे फार चांगले केलेस, कारण दुपदरी आरएनए टोचून त्याचे जनुक सहज निकामी करता येते. लॅकेज-२ हे कवच टणक करणाऱ्या विकराचे जनुक बंद केल्यास भुंगेरा फिकट आणि मऊच राहतो, हे २००५ पासून ज्ञात आहे. आधी तेवढेच करून हात बसव. मात्र तुलनेसाठी भुंगेऱ्यात नसलेल्या जनुकाचा आरएनए टोचलेला गटही सोबत हवा.

आणखी एक. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि तापमानाप्रमाणे अळीची वाढ पुढे-मागे होते. म्हणून इन्क्युबेटर ३० अंशांवर ठेव, आणि वय केवळ दिवसांवर न मोजता कोषाच्या डोळ्यांचा रंग आणि प्रौढाच्या कवचाची छटा पाहून नोंदव. हुमणीचा विषय पुढच्या वर्षी घेऊ.

तुझा,
मार्गदर्शक