चेनसॉला ऑइल किती टाकायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पावसाआधी फांद्या उतरवायचा सीझन आला की चेनसॉचे प्रश्न यायला लागतात. कोकणात तर २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते बघितल्यापासून घराशेजारचा वाकडा माड किंवा फणस लोक तसाच ठेवत नाहीत. यावेळी बहुतेक पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, पेट्रोलमधे ऑइल किती आणि कुठलं, म्हणून सगळी एकत्रच घेतोय.

दापोलीहून एक आंबा बागायतदार: नवीन ५८ सीसीची चेनसॉ घेतली. दुकानदार म्हणाला लिटरला ४० एमएल ऑइल टाका. शेजाऱ्यांकडे स्टिल कंपनीची मशीन आहे, ते २० एमएल टाकतात. गावातला मेकॅनिक म्हणतो २५ टाका, डोळे झाकून चालवा. खरं कोणाचं धरायचं?

दादा, तिघांचंही बरोबर असू शकतं, कारण तिघांच्या डोक्यात वेगवेगळं ऑइल आहे. नुसतं प्रमाण विचारून काही कळत नाही, आधी बाटली कुठली ते बघायचं. स्टिल सांगते ५० ला १, म्हणजे लिटरला २० एमएल, पण ते त्यांचं स्वतःचं ऑइल वापरलं तर. त्यांच्याच बऱ्याच मॅन्युअलमधे पुढे लिहिलेलं असायचं की दुसरं साधं टीसी ग्रेडचं (हवेवर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनसाठीचं) ऑइल असेल तर २५ ला १, म्हणजे डबल. हस्कवर्नाच्या जुन्या पुस्तिकांमधे पण तसंच, त्यांचं ऑइल असेल तर ५० ला १, दुसरं असेल तर ३३ ला १. स्वस्तातल्या ५८ सीसी मशीन बनवणाऱ्याला माहीत असतं की गिऱ्हाईक मिळेल ते ऑइल टाकणार, म्हणून तो सरळ २५ ला १ छापून मोकळा होतो.

बाटलीवर शोधायचं काय, तर ऑइलच्या दर्जाची अक्षरं, जासो एफसी किंवा एफडी, किंवा आयएसओ ईजीसी, ईजीडी. एफबी त्याच्या खालचं. एफडी सगळ्यात स्वच्छ जळतं, धूर कमी आणि पिस्टनवर कार्बन कमी. तुमची वॉरंटी चालू असेपर्यंत पुस्तिकेतलं २५ ला १ च ठेवा, म्हणजे लिटरला ४० एमएल, उद्या काही झालं तर बोलायला जागा राहते. त्यानंतर चांगलं एफडी ऑइल घेऊन ४० ला १ वर या, लिटरला २५ एमएल, तुमच्या मेकॅनिकचा आकडा हाच आहे. अशा मशीनला ५० ला १ वर नेऊ नका, वाचणार किती तर लिटरमागे ५ एमएल, आणि तेवढ्यासाठी ब्लॉक-पिस्टन पणाला लावण्यात काय अर्थ आहे.

आणि नवीन मशीन आहे म्हणून एक सांगतो, पहिल्या तीन टाक्या होईपर्यंत लाकडाबाहेर फुल रेस देऊन नुसती ओरडवू नका.

मालवणहून एक वाचक: आमच्या होडीच्या आउटबोर्ड इंजिनचं टू-स्ट्रोक ऑइल घरात भरपूर असतं, चांगल्या कंपनीचं आहे. तेच चेनसॉला वापरलं तर?

नको. बाटलीवर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असेल, ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनसाठीचं ऑइल. होडीच्या इंजिनभोवती समुद्राचं पाणी फिरत असतं, त्याचं तापमान फार वर जातच नाही. चेनसॉ हवेवर थंड होते, तीही भुशाने अर्ध्या बुजलेल्या फिन्समधून (इंजिनवरच्या पातळ धातूच्या पट्ट्या), आणि लाकडाबाहेर फुल रेसला मिनिटाला १२-१३ हजार फेरे मारते म्हणजे सेकंदाला २०० च्या वर. एवढ्या उष्णतेसाठी ते ऑइल बनवलेलंच नाही. ऑइल भारी आहे, शंका नाही, पण ते होडीलाच ठेवा.

हेच उत्तर त्या दोघांना पण ज्यांनी विचारलंय की बाइकचं २०डब्ल्यू४० टाकलं तर चालतं का. फोर-स्ट्रोकचं ऑइल जळण्यासाठी नसतंच, त्यातली अ‍ॅडिटिव्ह जळली की राख उरते, ती प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते. चेनसॉच्या इंजिनसाठी वेगळा ऑइलचा साठा नसतो हे लक्षात घ्या. पेट्रोल-ऑइलचा मिश्र फवारा आधी खाली क्रँककेसमधे जातो, बेअरिंग भिजवतो, पिस्टनची बाजू भिजवतो आणि मग वर जाऊन जळतो. पेट्रोलबरोबर जे आलं तेवढंच वंगण, दुसरं कुठूनच येत नाही.

साताऱ्याहून एक वाचक: मी सेफ्टी म्हणून लिटरला ६०-७० एमएल टाकतो. मशीन धूर फार करते, प्लग काळा ओला होतो, आणि आता पिकअपच घेत नाही.

सायलेन्सर खोला, आत बारीक जाळी असते (सगळ्या मशीनला नसते), ती कार्बनने बंद झाली असणार. एक्झॉस्टचं भोक पण बघा. जाळी साफ करा, प्लग नवीन टाका, मापावर या, मशीन परत ओढायला लागेल. आणि जास्त ऑइल म्हणजे जास्त सेफ असं नसतं, उलट काय होतं की त्याच थेंबात ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल कमी झालं, हवेच्या मानाने मिश्रण थोडं कोरडं होतं आणि इंजिन गरम चालतं. थोडं जास्त पडलं तर काही बिघडत नाही, पण तुम्ही टाकताय ते थोडं नाही.

संगमेश्वरहून एक वाचक: पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. पावसाळ्यात मिक्स करून ठेवलेलं पेट्रोल गणपतीनंतर वापरलं आणि मशीन दहा मिनिटांत जाम. ऑइल बरोबर टाकलं होतं. यूट्यूबवर दाखवतात तसं पाणी घालून इथेनॉल काढू का?

ही गोष्ट नीट समजून घ्या कारण कोकणातल्या किती मशीन अशाने जातायत आणि दोष मात्र ऑइलला दिला जातो. इथेनॉल पाणी ओढून घेतं. अर्धा भरलेला कॅन, झाकण नीट बसलेलं नाही, बाहेर जुलैची हवा, अशात हळूहळू पाणी मुरत जातं आणि एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतं आणि तळाला जाऊन बसतं. टू-टी ऑइल, म्हणजे आपलं टू-स्ट्रोकचं ऑइल, ह्या पाण्याच्या थरात विरघळत नाही, ते वरच्या पेट्रोलमधेच राहतं. आता टाकीत बघा, चेनसॉचा फिल्टर पाइपच्या टोकाला वजनासारखा लोंबतो आणि तळातूनच ओढतो. म्हणजे इंजिनला मिळतं इथेनॉल आणि पाणी, ऑइल जवळजवळ नाहीच. तुम्ही माप बरोबर घेतलं होतं तरी पिस्टनपर्यंत ते पोचलंच नसणार. ब्लॉक खोलल्यावर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे दिसतील, ती बाजू सगळ्यात गरम असते.

पाणी घालून इथेनॉल काढायच्या भानगडीत अजिबात पडू नका. पेट्रोलचा ऑक्टेन (इंजिनात ठोके न मारता जळायची ताकद) वर ठेवण्यात इथेनॉलचा वाटा असतो, तो काढला की ऑक्टेन पडतो, थोडं पाणी आत राहतंच, आणि पाच लिटर पेट्रोल घरात हलवत बसणं म्हणजे आगीशी खेळ, पोराबाळांच्या घरात तर नकोच नको.

करायचं काय? बऱ्याच मशीनच्या मॅन्युअलमधे इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते, तेव्हा बिनइथेनॉलचं १०० ऑक्टेनवालं पेट्रोल जवळपास मिळत असेल तर पंपावर विचारून खात्री करून तेच घ्या, महाग पडतं पण चेनसॉला लागतं किती. ते नसेल तर ई२० वर चालवताना तीन गोष्टी पाळा. लागेल तेवढंच मिक्स करा, आठ-पंधरा दिवसांत संपेल एवढं. काम झालं की टाकी रिकामी करा आणि मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमधे काही राहत नाही, नाहीतर आतला डायफ्रॅम (पातळ रबरी पडदा) कडक होतो. आणि तिसरं, इथेनॉलमुळे मिश्रण कोरडं होतं म्हणून कार्बोरेटरवरचा एचचा स्क्रू (फुल रेसला पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा) जाणत्या माणसाकडून किंचित डावीकडे उघडून घ्या. फुल रेसला लाकडाबाहेर आवाज जरा फडफडता यायला हवा आणि लाकडात घुसली की साफ व्हायला हवा. बाहेरच शिट्टीसारखा बारीक किंचाळत असेल तर लगेच थांबवा.

कोल्हापूरहून एक वाचक: चेनला वंगण देणाऱ्या वेगळ्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल टाकतो, फुकटात काम होतं. चालतं ना?

चेनवर पडलेलं ऑइल तुमच्या हातावर, कपड्यांवर आणि जमिनीवर उडतं, आणि जळक्या ऑइलमधे धातूचे कण असतात आणि कॅन्सर करणारे पदार्थ पण. चेनला ऑइल देणारा पंप आणि चेन ज्या पट्टीवर फिरते तो बार, दोन्ही खराब होतात. साधं चेन ऑइल घ्या, चिकट असतं म्हणून चेनला धरून राहतं. पेट्रोल भराल तेव्हा प्रत्येक वेळी ही टाकी पण भरा.

जुन्नरहून एक शेतकरी ताई: चेनसॉ, ब्रश कटर आणि फवारणी पंप, तिन्हीला एकच कॅन चालेल का? आणि माप कसं घ्यायचं, आम्ही बाटलीच्या झाकणाने घेतो.

ताई, झाकणाचं माप सोडून द्या, प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं. मेडिकलमधून ५० एमएलची सिरिंज आणा, सुईशिवाय. पाच लिटरला ५० ला १ साठी १०० एमएल, ४० ला १ साठी १२५, ३३ ला १ साठी साधारण १५०, २५ ला १ साठी २००. कॅनमधे आधी थोडं पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल, परत हलवा, आणि मशीनमधे ओतायच्या आधी प्रत्येक वेळी पुन्हा. इंजिन गरम असताना भरू नका, आणि भरलं तिथेच चालू करू नका, तीन मीटर तरी लांब जा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नका, ऑइलमुळे ते हिरवं-निळं दिसतं आणि पोरांना सरबत वाटतं.

एक कॅन चालतो, पण ज्या मशीनला ऑइल जास्त लागतं तिच्या मापाने बनवा. ५० वाली ४० वर चालेल, ४० वाली ५० वर नको. फक्त आधी बघा की तिन्ही टू-स्ट्रोकच आहेत ना. होंडाच्या जीएक्स३५ इंजिनचे ब्रश कटर आपल्याकडे खूप आहेत, ते फोर-स्ट्रोक, त्यांचं ऑइल वेगळं खाली भरायचं आणि टाकीत साधं पेट्रोल. तसा असेल तर दोन वेगळ्या रंगांचे कॅन घ्या, एकावर मोठ्या अक्षरात ‘साधं’ आणि दुसऱ्यावर ‘ऑइलवालं’ असं लिहा, खाली प्रमाण आणि मिक्स केल्याची तारीख, म्हणजे कामाला येणाऱ्या माणसाला विचारावं लागणार नाही.