तेल, फौज, अमेरिका सगळं हाताशी असताना इराणच्या शहाची सत्ता वर्षभरात कशी गेली?

तुम्ही म्हणताय त्या तिन्ही गोष्टी १९७८ मध्ये मोहम्मद रझा पहलवीकडे होत्याच की. नव्हतं काय, तर त्याच्यात आणि रस्त्यावरच्या गर्दीत मध्ये पडून बोलणी करेल असं कोणी. आणि तसं कोणी शिल्लक ठेवलं नव्हतं ते त्यानंच, निदान माझं तरी असं मत आहे.

मागचं थोडक्यात सांगतो. बाप रझा खान लष्करातला, १९२१ ला बंड केलं आणि १९२५ ला स्वतःच शहा झाला. १९४१ मध्ये ब्रिटिश आणि रशियन फौजा घुसल्या, त्याला गादी सोडायला लागली (हद्दपारीत त्याचं जहाज मुंबईपर्यंत आलं होतं, पण इंग्रजांनी उतरू दिलं नाही, तिथून मॉरिशसला नेलं). २१ वर्षांचा पोरगा गादीवर बसला. पुढे पंतप्रधान मोसादेगनं १९५१ ला तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, त्यावरून १९५३ ला सीआयए आणि ब्रिटिशांनी मिळून त्याला पाडलं, आणि मधल्या काही दिवसांत रोमला पळालेला शहा परत आला. परक्यांनी बसवलेला राजा हा शिक्का त्याच्यावर बसला तो कायमचाच.

त्यानंतर त्यानं एकेक करून सगळ्यांना मोडलं. मोसादेगची माणसं गेली, कम्युनिस्ट गेले, १९५७ ला सावाक हे गुप्त पोलीस खातं आलं, १९६४ ला शहावर टीका करणारा धर्मगुरू खोमेनी, त्याला देशाबाहेर काढलं. १९७३ नंतर तेलाचा भाव चौपट झाला आणि पैसा इतका आला की महागाई भडकली, खेड्यातले लोक तेहरानच्या कडेला झोपड्या टाकून राहायला लागले. १९७५ ला सगळे पक्ष बंद करून एकच रस्ताखीझ पक्ष ठेवला, ज्याला मान्य नसेल त्यानं पासपोर्ट घ्यावा नि चालतं व्हावं, असं खुद्द शहाच म्हणाला. सगळ्यात मोठा गाढवपणा म्हणजे महागाईचं खापर बाजारातल्या व्यापाऱ्यांवर फोडलं, पक्षाची पोरं दुकानांत भाव तपासत फिरायची, हजारो दुकानदारांना दंड नाहीतर तुरुंग. आता मशिदींना पैसा कुठून यायचा? याच बाजारातून! त्यात १९७६ ला इस्लामी कालगणना काढून शाही कालगणना आणली, १३५५ साल एका रात्रीत २५३५ झालं.

म्हणजे पक्ष नाही, युनियन नाही, पेपर नाही, देशभर जाळं असलेली एकच गोष्ट उरली, मशीद. खोमेनीची भाषणं कॅसेटवरून तिथंच फिरायची.

जानेवारी १९७८ मध्ये सरकारच्या तालावर चालणाऱ्या एका पेपरात खोमेनीची नालस्ती करणारा लेख आला, कोम या शियांच्या धर्मनगरीत निदर्शनं झाली, गोळीबारात माणसं मेली. शिया लोकांत मेलेल्याचा चाळिसावा पाळतात. तेव्हा चाळीस दिवसांनी तब्रीझमध्ये शोकसभा, तिथं पुन्हा माणसं मेली, मग त्यांच्या चाळिसाव्याला यझ्द शहरात. सरकार गोळी घालतंय आणि पुढच्या मोर्चाची तारीख आपोआप ठरतेय! ऑगस्टमध्ये आबादानचं रेक्स थिएटर जळालं, चारशेच्या वर माणसं गेली. पुढे संशय धर्मवाद्यांवरच आला, पण तेव्हा लोकांनी सावाकलाच दोषी धरलं, इतका विश्वास उडालेला. ८ सप्टेंबरला तेहरानच्या झालेह चौकात गोळीबार झाला आणि तडजोडीची उरलीसुरली आशाही गेली. शरद ऋतूत तेल कामगार संपावर गेले, म्हणजे तुमचं ते तेलही बंद.

शहा तरी काय करत होता? आज लष्करी सरकार आणायचं आणि त्याच दिवशी टीव्हीवर 'तुमच्या क्रांतीचा आवाज मी ऐकला' म्हणायचं. १९७४ पासून त्याला कॅन्सर होता आणि अमेरिकनांनाही पत्ता नव्हता, पण धडधाकट असता तरी वाचला असता असं मला नाही वाटत.

शेवटी मोसादेगच्याच जुन्या पक्षातल्या शापूर बख्तियारला पंतप्रधान केलं, तेही सगळं हातातून गेल्यावर. पाच-दहा वर्षं आधी असल्या माणसाला जागा दिली असती तर कदाचित वेगळं झालं असतं. बख्तियारला त्याच्याच पक्षानं काढून टाकलं. १६ जानेवारी १९७९ ला शहा देश सोडून गेला, १ फेब्रुवारीला खोमेनी पॅरिसहून उतरला.

आणि फौजेचं विचारलंत तर साधे शिपाई आधीच पळत होते, सेनापतींना शहाच्या हुकुमाशिवाय काही करायची सवय नव्हती, आणि हुकूम देणारा तर इजिप्तमार्गे मोरोक्कोला पोचलेला. ११ फेब्रुवारीला लष्करानं आपण तटस्थ आहोत असं जाहीर केलं आणि बराकीत परतलं.