गच्चीवरचं वेदर स्टेशन दुपारी ४-५ अंश जास्त का दाखवतं?
सेन्सर बहुधा ठीक असेल, जागा चुकली आहे. त्याने हवेचं तापमान मोजायचं असतं. उन्हात तो स्वतःच तापतो आणि तेच सांगतो. शिवाय गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडतो. जमलं तर अंगणात, माती किंवा गवतावर, सव्वा ते दोन मीटर उंचीवर लावा. भिंत आणि एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांब. भोवती पांढरं, झडपांचं आवरण हवंच. वेधशाळेतली स्टीव्हन्सन पेटी तशीच असते, आपल्याकडे तिचं दार उत्तरेला. बंद डबा नको, त्याची भट्टी होते. तरीही शंका असेल आणि प्रोब (सेन्सरचं मोजणारं टोक) वॉटरप्रूफ असेल (नसेल तर बुडवू नका!), तर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ढवळून त्यात ठेवा: ० अंशाच्या आसपास यायला हवं.